अनुभव धागा : कामाबद्दल मिळालेली हातची चिठ्ठी

नोकरीत, धंद्यात, प्रॅक्टिसमध्ये तुम्हाला कुणी हाताने लिहून आभार कळवले आहेत का? किंवा तुम्ही कुणाला कळवले आहेत? हा धागा त्यासाठी. नागपुरातले आणि नागपूरशी नातं असलेले सगळे लिहा. हुद्दा कोणताही असो. खरं तर ज्यांच्या कामाबद्दल सहसा कुणी लिहीत नाही, त्यांचे अनुभव जास्त हवे आहेत.

मी बरीच वर्षं मनुष्यबळ विभागात काम करते, त्यामुळे माझं मत आधीच मांडते. चिठ्ठीत नेमकं काम लिहिलेलं असेल, तरच ती जपली जाते. ‘आपल्या सहकार्याबद्दल आभार’ एवढंच असेल, तर महागडं कार्डसुद्धा आठवड्याभरात रद्दीत जातं. कॅम्पबेल सूप या अमेरिकी कंपनीचे डग्लस कोनंट २००१ ते २०११ या काळात मुख्य अधिकारी होते. त्यांनी कर्मचाऱ्यांना हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्यांची संख्या तीस हजारांच्या घरात जाते. आकडा मोठा आहेच, पण मला त्यांची पद्धत जास्त मोलाची वाटते: कंपनीत कुणी काय चांगलं केलं ते रोज शोधायचं आणि तेवढंच लिहायचं. २००९ मध्ये त्यांना मोठा मोटार अपघात झाला, तेव्हा जगभरातल्या कर्मचाऱ्यांनी त्यांना उलट चिठ्ठ्या पाठवल्या. पेप्सिको कंपनीच्या प्रमुख असताना इंद्रा नूयी आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या आईवडिलांना पत्रं लिहीत, तुमचा मुलगा किंवा मुलगी इथे काय काम करते ते कळवत. मोठ्या पदावरच्या माणसाने वेळ काढून हे करावं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

एकच विनंती. माणसांची, कंपन्यांची नावं लिहू नका. काम सांगा, चिठ्ठीत काय होतं ते सांगा, आणि पुढे काय झालं तेही.

स्टाफ नर्स, धंतोली

मी आयसीयूत काम करते. आमच्याकडे रुग्ण बरा झाला की आभार डॉक्टरांचे, पेढे डॉक्टरांना. त्यात गैर काही नाही, निर्णय त्यांचेच असतात. पण अर्धांगवायूचा रुग्ण बेशुद्ध असताना त्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला, माकडहाडाला जखमा होतात. नळीतून दूध देताना डोकं उंच ठेवावं लागतं, नाहीतर ते फुप्फुसात जातं. हे काम रात्रंदिवस चालतं आणि ते नीट झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण काहीच बिघडत नाही.

साकोलीकडच्या एका आजी आमच्याकडे होत्या. सुट्टी झाल्यावर त्यांचा मुलगा बिल भरून परत वर आला आणि माझ्या हातात औषधांच्या बिलाचा कागद दिला. मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं होतं : ‘सिस्टर, आईला वळवताना तुम्ही प्रत्येक वेळी तिला आधी सांगत होता, काकू आता डाव्या कुशीवर घेते हं. ती बेशुद्ध होती तरी सांगत होता. मी काचेतून बघत होतो. घरी आता मी पण तसंच सांगीन.’

मी हे बोलते, हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं. सवयीने होत असेल. नवीन मुली रुजू झाल्या की मी त्यांना तो कागद वाचायला देते. बेशुद्ध माणसाशीही बोलायचं, हे पुस्तकात आहेच, पण नातेवाईक काचेतून काय बघत असतात ते त्या कागदावरून कळतं. आमच्या मेट्रनबाईंनी त्याची झेरॉक्स ट्रेनिंगच्या फाइलला लावून ठेवली आहे.

मशीन शॉपचा मालक, हिंगणा एमआयडीसी

चंद्रपूरकडच्या एका कारखान्याचा पंपाचा शाफ्ट तुटला होता. प्लांट बंद. संध्याकाळी त्यांचा मेंटेनन्स इंजिनिअर तुटलेले तुकडे गाडीत घालून घेऊन आला. आमचे टर्नर भाऊ घरी निघाले होते, ते थांबले. बेअरिंग बसते ती जागा दहा मायक्रॉनच्या आत हवी होती. रात्रभर मायक्रोमीटर हातात धरून त्यांनी तो शाफ्ट काढला. सकाळी माल गेला.

पुढच्या आठवड्यात पाकीट आलं, त्यावर टर्नर भाऊंचं नाव होतं. मालकाचं नाही. आत अर्ध्या पानाची चिठ्ठी : बेअरिंग हाताने सरकवताच बसलं, घासावं लागलं नाही, पंप अमुक वाजता सुरू झाला. त्या माणसाने त्या रात्रीच नाव विचारून घेतलं असणार, ते मला फार आवडलं. भाऊंनी झेरॉक्स घरी नेली आणि मूळ चिठ्ठी टूल रूममध्ये लावली.

त्यानंतर मी एक गोष्ट सुरू केली. चलानासोबत जी तपासणीची चिठ्ठी जाते, तिच्यावर जॉब कुणी केला त्याचं नाव लिहितो. ग्राहकाचा फोन येतो तेव्हा आता तो नावाने विचारतो.

मेस चालवणारी, हनुमाननगर

माह्याकडं मेडिकलची पोरं जेवते, एमपीएससीवाली पन जेवते. एक पोरगा होता गडचिरोलीकडचा. त्याले कावीळ झाली, तर तेल-तिखट बंद. मी त्याच्यासाठी येगळी खिचडी टाकत होती, वरून ताक. पैसे काही जास्त घेतले नाही, एका मानसाच्या खिचडीले काय लागते?

तो तलाठी झाला. पेढे घेऊन आलाच, पन सोबत एक कागद दिला. पोरीनं वाचून दाखवला. त्यात खिचडीचं होतं, आन पेपरच्या दिवशी मी सकाळी सहाले डबा करून देल्ता ते पन होतं. मी तं इसरून गेल्ती. आता नवीन पोरांचे मायबाप मेस पाहाले येते, तर मी त्यायले तो कागद दाखवतो. दुसरी जाहिरात काय करू? पोरगं घरून दूर राहून राहिलं, त्याच्या मायले हेच तं पाहिजे असते.

धागा काढणारी

ताई, तुमचा अनुभव वाचून फार आनंद झाला. तुमच्याकडे चिठ्ठी म्हणजे कामाचा दाखलाच झाला. मोठ्या फर्म ज्याला शिफारसपत्र म्हणतात, ते हेच.

इलेक्ट्रिकल कंत्राटदार, वाडी

माझा अनुभव वेगळा आहे, पण तोही इथे यायला हवा.

एका कंपनीचं पॅनलचं काम आम्ही दिवाळीच्या आत पूर्ण करून दिलं. मुलं रात्रपाळीत राबली. दिवाळीला त्यांच्याकडून शाईच्या पेनने लिहिलेलं सुंदर कार्ड आलं, साहेबांच्या सहीचं. तेव्हा आमचं बिल चार महिने अडकलेलं होतं. मुलांना बोनस मी व्याजाने पैसे आणून दिला. ते कार्ड घरात ठेवावंसंही वाटलं नाही.

उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं, असा २००६ चा कायदा आहे. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज द्यावं लागतं. शेवटी मी त्याचाच आधार घेऊन पत्र पाठवलं, तेव्हा फाइल हलली. आभार मानायला माझी हरकत नाही, पण आधी देणं द्या. आमच्यासारख्या लहान माणसाला वेळेवर आलेला चेक हाच मान वाटतो.

धागा काढणारी

शंभर टक्के सहमत. पगारवाढ, बढती, बिल, सुट्टी, यातलं काही अडलेलं असताना चिठ्ठी पाठवली तर ती बोचते. मी आमच्या व्यवस्थापकांनाही हेच सांगते.

वकील, सिव्हिल लाइन्स

हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात प्रॅक्टिस आहे. आमच्या व्यवसायात कुणाला लिहायचं यावर बंधन आहे. चालू प्रकरणात न्यायमूर्तींना खासगीत काही लिहायचं नाही, आभाराचंही नाही. निकाल आपल्या बाजूने लागला म्हणून आभार मानायचेच नसतात, तो उपकार नसतो.

पण ग्रंथालयातले कर्मचारी, टायपिस्ट, ज्युनिअर, समोरच्या बाजूचे वकील, यांना जरूर लिहावं. एका जुन्या जमिनीच्या वादात मला मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या काळातला एक निवाडा हवा होता. ऑनलाइन सापडेना. ग्रंथालयातल्या एका गृहस्थांनी बांधणी सुटलेल्या खंडांमधून तो काढून दिला. मी चिठ्ठीत त्या निवाड्याचा मुद्दा युक्तिवादात कुठे उपयोगी पडला ते लिहिलं. त्यांना निव्वळ ‘धन्यवाद’ रोज ऐकू येतं, आपण शोधलेलं पान पुढे कोर्टात काय करतं हे कुणी सांगत नाही. आता मला काही हवं असलं की ते आधी विचारतात, ‘मॅटर काय आहे?’ आणि मग मी न मागितलेलं एखादं पुस्तकही समोर येतं.

प्राध्यापिका, मानसशास्त्र

‘लिहावंसं वाटतं, पण समोरच्याला विचित्र वाटेल’ असं विद्यार्थी नेहमी म्हणतात. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांचं यावर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेलं संशोधन आहे. त्यांनी लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली आणि पत्र मिळालेल्यांना काय वाटेल याचा अंदाज विचारला. नंतर पत्र मिळालेल्यांनाच विचारलं. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा मिळालेल्यांना आनंद आणि आश्चर्य जास्त झालं होतं, अवघडलेपण कमी. लिहिणारे शब्द बरोबर जमतील का याची काळजी करत होते, वाचणाऱ्यांनी त्यातली आपुलकी बघितली.

आता माझं स्वतःचं. मी दरवर्षी शिफारसपत्रं लिहिते. परदेशी विद्यापीठांचे फॉर्म, स्कॉलरशिपचे फॉर्म, शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री. पुढे प्रवेश मिळाला का, हे बहुतेकांकडून कळतच नाही. एका मुलीने प्रवेश *न मिळाल्यावर* चिठ्ठी आणून दिली. ‘मॅडम, या वर्षी झालं नाही, पण तुम्ही माझ्या फील्डवर्कबद्दल जे लिहिलं ते वाचून मी विषय बदलायचा नाही असं ठरवलं.’ पुढच्या वर्षी मी तिच्यासाठी पुन्हा लिहिलं, आणि आधीपेक्षा कितीतरी मनापासून. काम झालं नाही तरी लिहा, हे मी आता वर्गात सांगते.

सॉफ्टवेअर, मिहान

मुलाखतीनंतर आभाराची चिठ्ठी द्यावी का, असं नवीन मुलं विचारतात. इंटरनेटवर सगळा सल्ला अमेरिकेतला असतो. माझं मत : आपल्याकडे खासगी कंपनीत त्याच दिवशी चार ओळींचा मेल पुरे. निर्णय दोन दिवसांत होतो, टपाल पोचेपर्यंत यादी लागलेली असते. सरकारी भरतीत तर काहीच पाठवू नका, त्याचा अर्थ भलताच निघू शकतो.

हाताने लिहायचं असेल तर नोकरी लागल्यावर, ज्यांनी तयारी करून घेतली त्यांना. मी आमच्या आयटीआयच्या सरांना लिहिलं होतं.

निवृत्त पोस्टमन, महाल

सगळे चिठ्ठी हातात देण्याचंच लिहून राहिले, म्हणून टपालाचं सांगतो. आपल्या देशात पोस्टकार्ड १८७९ साली सुरू झालं. आजही ते पन्नास पैशांत मिळतं, अंतर्देशीय पत्र अडीच रुपयांत. पोस्टकार्डावर आभार लिहिले तर वाटेत सगळे वाचतात, आणि आभाराच्या बाबतीत ते चांगलंच आहे. ऑफिसात कार्ड टाकलं की आवक-जावकवाला वाचतो, शिपाई वाचतो, मग साहेबाच्या टेबलावर जातं. ज्याचं कौतुक आहे त्याचं नाव तोपर्यंत सगळ्यांना माहीत झालेलं असतं.

पत्ता नीट लिहा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आहे, आपले श्रीराम वेलणकर यांनी ती पद्धत बसवली. संस्कृतचे मोठे पंडित होते ते. नागपूर शहराचे पिन ४४० ने सुरू होतात, पण शेवटचे तीन आकडे चुकले की सीताबर्डीचं पत्र भलत्याच बीटला, म्हणजे दुसऱ्या पोस्टमनच्या भागात जातं. कंपनीच्या पत्त्यावर माणसाचं नाव आणि विभाग दोन्ही लिहा, नाहीतर ते गेटवरच्या खोक्यात पडून राहतं.

मला स्वतःला एक कार्ड आलं होतं, माझ्याच बीटमधून, मीच वाटायला नेलेल्या गठ्ठ्यात. एका आजोबांनी लिहिलं होतं की पावसाळ्यात त्यांची पेन्शनची कागदपत्रं मी शर्टाच्या आत धरून आणली, कोरडी. सॉर्टिंग करताना ते हातात आलं. पत्ता मीच वाचला आणि क्षणभर कळेना, हे नाव आपलंच आहे म्हणून. त्यांच्या गल्लीत गेलो तेव्हा आधी त्यांच्या पाया पडलो, मग बाकीची टपालं वाटली.

प्रशिक्षणार्थी, बुटीबोरी

मला लिहायचं आहे, पण एक अडचण आहे. पहिल्या पाळीला यायला बस चुकायची, तेव्हा आमच्या गेटवरच्या सुरक्षारक्षक काकांनी किती तरी वेळा ओळखीच्या ट्रकवाल्याला फोनवर सांगून मला वाडीपासून यायची सोय करून दिली. त्यांचं नाव मला माहीत नाही, सगळे काकाच म्हणतात. ते कंत्राटी आहेत, पुढच्या महिन्यात त्यांची ड्युटी दुसरीकडे लागणार म्हणे. काय लिहू, कुणाच्या नावाने?

धागा काढणारी

गेटवरच्या रजिस्टरमध्ये पाळी बदलताना त्यांची सही असते, तिथून पूर्ण नाव घ्या. मायन्यात ‘सप्रेम नमस्कार काका’ चालेल, पण पाकिटावर पूर्ण नावच हवं. वर जे लिहिलंत तेच लिहा, बस आणि ट्रकसकट. एक प्रत त्यांच्या सुरक्षा एजन्सीच्या सुपरवायझरला द्या, कंत्राटी माणसाला नवीन ठिकाणी तिचा उपयोग होतो. आणि बदलीची वाट बघू नका, या आठवड्यातच द्या.