समुपदेशक ‘असोसिएशनचे आजीव सदस्य’ असतात म्हणजे नेमकं काय?

गुहागरकर_८८:
धाकटा भाऊ २३ वर्षांचा. नोकरी सुटल्यापासून झोप नाही, जेवण नाही. चिपळूणला एका समुपदेशकांकडे नेला. १० सेशनचे ८,००० रुपये आधीच भरून घेतले. चौथ्या सेशननंतर मामीचा फोन, "काय रे, तो पुलावर जाऊन उभा राहायचा म्हणे?" ही गोष्ट भावाने मलासुद्धा सांगितली नव्हती. मग उलगडा झाला: समुपदेशकांच्या सौ. आणि मामी एकाच भिशीत.

त्यांच्या भिंतीवर सोनेरी चौकटीत एका असोसिएशनचं आजीव सदस्यत्वाचं प्रमाणपत्र आहे. तिथे तक्रार केली तर काही होतं का? पैसे परत मिळतील? भाऊ आता कुणाकडेच जायला तयार नाही.

वेंगुर्ल्याचो_झील:
वर्गणी भरा, फ्रेम घेवा. आमच्याकडे दाढ दुखता म्हणान गेलंय तरी सांजेपर्यंत वाडीभर खबर. ह्येंचा काय घेवन बसलास!

रत्नागिरी_खालची_आळी:
मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, रत्नागिरीत १४ वर्षं. आधी तातडीचं. पुलाची गोष्ट वाचून सांगते, भावाला आजच थेट विचारा, अजून तसे विचार येतात का. विचारल्याने ते वाढत नाहीत. हो म्हणाला तर एकटं सोडू नका आणि त्याला डॉक्टरांकडे न्या. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आता असोसिएशन. भिंतीवर काय आहे ते नीट बघा. सदस्यत्व वेगळं, नोंदणी वेगळी. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, १९९२ च्या कायद्याने. तिचा सीआरआर नंबर असतो, म्हणजे परिषदेच्या नोंदवहीतला क्रमांक, तो मागायला लाजू नका. नुसतं ‘समुपदेशक’ किंवा ‘सायकोथेरपिस्ट’ अशी पाटी लावायला मात्र आजवर कुणी अडवलेलं नाही. २०२१ च्या अलाइड हेल्थकेअर कायद्याच्या यादीत समुपदेशक आहेत, पण पाटी वाचून तुम्हाला त्यातलं काही कळणार नाही.

असोसिएशन ही आमची आमची संस्था. आचारसंहिता मोडली तर तिची समिती समज देते, देखरेखीखाली काम करायला लावते, फार तर सदस्यत्व काढते. दवाखाना बंद करू शकत नाही, पैसेही मिळवून देऊ शकत नाही. न घेतलेल्या सहा सेशनच्या पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोग. पावती आहे ना?

तरी तक्रार करा. भावाने, त्याच्या नावाने, लेखी. गोपनीयता २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही आहे, कलम २३. समोरचा म्हणेल मी त्या कायद्यात बसत नाही. पण ज्या आचारसंहितेवर त्याने स्वतः सही केली, तिच्यातून कसा सुटेल? जीव धोक्यात असेल तर गुप्तता मोडता येते हे खरं, पण ती भावाला सांगून, जो मदत करू शकेल त्याच्याकडे. भिशीत नाही.

वेंगुर्ल्याच्या भावांना एकच सांगते. असोसिएशनचं खरं काम तक्रारीच्या आधीचं असतं. महिन्यातून एकदा आम्ही सहाजण व्हिडिओ कॉलवर बसतो, नावं झाकून केसेस मांडतो, आणि एक ज्येष्ठ बाई आमची पिसं काढतात. पुस्तकात लिहिलंय, ओळखीच्यांवर उपचार करू नका. मुंबईत ठीक आहे हो! मी ज्यांच्याकडून सुरमई घेते त्या बाई माझ्याकडे येतात. मग या गटातच ठरलं की पहिल्याच भेटीत सांगायचं, "बाजारात मी आधी ओळख दाखवणार नाही, तुम्ही हसलात तर मी हसेन." चपलांचा स्टँड मी दाराच्या आत घेतला तोही तिथेच ऐकून. बाहेरच्या चपलांवरून आळीतली माणसं सांगायची आत कोण आहे ते.

२०२१ च्या जुलैत पूर आला तेव्हा मी चिपळूणला होते. उत्साही मंडळी गाळ काढणाऱ्या माणसाला थांबवून विचारत होती, "सांगा, पाणी किती वर आलं, काय वाटलं?" बोलायचं नसेल त्याला बोलतं करू नये, हा मानसिक प्रथमोपचाराचा पहिला धडा. त्यांचं चुकतंय हे सांगणारं त्यांच्या मागे कुणीच नव्हतं.

कोकणी_लेस्टरमध्ये:
इकडे ब्रिटनमध्येही ‘सायकोथेरपिस्ट’ हे नाव कायद्याने राखीव नाही, ऐकून मलाही धक्का बसला होता. बीएसीपीसारख्या समुपदेशकांच्या संस्थांचं सदस्यत्वही ऐच्छिकच. पण कुणावर कारवाई झाली तर ते वेबसाइटवर कारणासकट छापतात. मी थेरपिस्ट शोधताना आधी तेच पान उघडलं होतं.

गुहागरकर_८८:
काल रात्री विचारलं त्याला. बराच वेळ पडवीत बसलो. आता तसं वाटत नाही म्हणाला, पण येणाऱ्या आठवड्यात सिव्हिलला जायचं ठरलंय. पावती सापडली, तिच्यावर सेशनची संख्या नाही, नुसता आकडा आहे.

तक्रारीचं पत्र त्याने स्वतःच लिहायला घेतलंय. कुठवर आलं बघू म्हटलं, तर वही मिटून म्हणाला, "तुला कशाला दाखवू?"