मदत हवी आहे: सभागृहातील छायाचित्रांवर आडवे पट्टे येत आहेत, सेन्सर बिघडला आहे का?

निळीसांज
नमस्कार. काल संध्याकाळी एका सभागृहातील नृत्याच्या कार्यक्रमाची छायाचित्रे काढली. घरी येऊन ती संगणकावर पाहिली, तेव्हा जवळजवळ प्रत्येक चित्रावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रुंद, गडद आडवे पट्टे दिसले. काही पट्ट्यांना पिवळसर छटाही आहे. जिथे पट्टा चेहऱ्यावर आला आहे, तिथे कपाळ उजळ आणि हनुवटी काळवंडलेली दिसते. लेन्स आणि मेमरी कार्ड दोन्ही बदलून पाहिले, परंतु फरक पडला नाही. याच सभागृहात परवा कार्यक्रमाचा दुसरा भाग आहे. म्हणून मला तातडीने एवढेच जाणून घ्यायचे आहे की असा सेन्सर दुरुस्त होतो, की तो बदलावाच लागतो? कृपया लवकर सांगावे.

कवडसा
सेन्सरविषयी निष्कर्ष काढण्यापूर्वी थोडी माहिती द्यावी. शटरचा वेग किती होता? शटर यांत्रिक होते की इलेक्ट्रॉनिक? दिवे कोणत्या प्रकारचे होते? आणि दिवसाउजेडी बाहेर काढलेल्या चित्रांतही हे पट्टे येतात का? या उत्तरांशिवाय कोणीही काहीही सांगितले तरी तो केवळ अंदाज ठरेल.

दाणेदार
हा आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) फार वाढवल्याचा परिणाम आहे, याविषयी मला शंका नाही. अंधाऱ्या जागी काढलेले चित्र संपादनात उजळवले की सावल्यांमध्ये रेघा उमटतात. माझ्या जुन्या कॅमेऱ्यात हे नेहमी होत असे. संगणकावर नॉइज (चित्रातील दाणेदारपणा) कमी करणारे चांगले सॉफ्टवेअर वापरावे आणि आयएसओ १६०० च्या पुढे नेऊ नये.

निळीसांज
बाहेरची चित्रे स्वच्छ आहेत. कालच सकाळी बागेत काढलेल्या एकाही चित्रात पट्टा नाही. कॅमेरा मिररलेस आहे. शटर १/५०० सेकंद, लेन्सचे छिद्र एफ/४, आयएसओ ६४००. बाकी सर्व नेहमीप्रमाणेच होते. सॉफ्टवेअर नंतर पाहता येईल. सेन्सरबद्दल कोणी सांगू शकेल का?

पन्नासमिमी
एफ/४ या छिद्रावर सभागृहात काम करणे म्हणजे कॅमेऱ्यावर अन्याय आहे. एफ/१.८ ची, म्हणजे अधिक मोठ्या छिद्राची, स्थिर नाभीय अंतराची (झूम न होणारी) लेन्स घ्यावी. एफ/४ पेक्षा तिच्यातून सुमारे सव्वादोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) अधिक प्रकाश येतो, म्हणजे आयएसओ ६४०० वरून साधारण १२५० वर आणता येतो. अशी लेन्स लावल्यापासून मी सभागृहात दुसरी लेन्स वापरलेली नाही.

कवडसा
पन्नासमिमी, लेन्सचा सल्ला स्वतंत्रपणे योग्य असला तरी तो या पट्ट्यांना लागू पडत नाही. शटर १/५०० वरच राहिले, तर एफ/१.८ वरही पट्टे तसेच येतील, फक्त चित्रातील नॉइज कमी होईल.

दाणेदार, तुम्ही सांगता त्या रेघा बारीक असतात आणि प्रामुख्याने गडद भागात दिसतात. येथे उजळ चेहऱ्यावर रुंद पट्टा आहे आणि त्याला रंगाची छटा आहे. हे लक्षण निराळे आहे.

निळीसांज, "बाकी नेहमीप्रमाणे" यातच उत्तर दडलेले असण्याची शक्यता आहे. शटरचा प्रकार तुम्ही अजून सांगितलेला नाही. शिवाय लागोपाठ काढलेली काही चित्रे एकामागून एक उघडून पाहावी: पट्टे त्याच जागी राहतात की वरखाली सरकतात? आणि एका चित्रात साधारण किती पट्टे आहेत?

निळीसांज
एका चित्रात पाच पट्टे आहेत. ते प्रत्येक चित्रात निराळ्या जागी आहेत, परंतु त्यांच्यातील अंतर सारखेच दिसते. कॅमेरा उभा धरून काढलेल्या चित्रांत तेच पट्टे उभे झाले आहेत. दिवे एलईडी असावेत. शटरचा आवाज होऊ नये असे आयोजकांनी आधीच कळवले होते, त्यामुळे सायलेंट मोड चालू होता. हे सांगण्यासारखे आहे असे वाटले नाही, कारण आवाजाचा पट्ट्यांशी काय संबंध?

कवडसा
संबंध थेट आहे, आणि तुमचा सेन्सर सुस्थितीत आहे असे मी आता बऱ्याच खात्रीने म्हणू शकतो. सेन्सरमध्ये बिघाड असता तर पट्टे प्रत्येक चित्रात त्याच जागी राहिले असते आणि बागेतल्या चित्रांतही दिसले असते.

कारण असे आहे. प्रत्यावर्ती विजेवर चालणारे अनेक दिवे सलग प्रकाश देत नाहीत. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो आणि ६० हर्ट्झचा असेल तर १२० वेळा. डोळ्यांना हे जाणवत नाही. जुन्या तंतूच्या दिव्यात तार तापलेलीच राहत असल्यामुळे हा चढउतार सौम्य असे. काही एलईडी आणि ट्यूबलाइटमध्ये मात्र तो तीव्र असतो, आणि त्या चढउतारात रंगही थोडा बदलतो. तुमची पिवळसर छटा तिथून आलेली आहे.

सायलेंट मोडमध्ये कॅमेरा इलेक्ट्रॉनिक शटर वापरतो. बहुतेक कॅमेऱ्यांत त्या वेळी सेन्सरच्या ओळी एकदम वाचल्या जात नाहीत, तर वरून खाली एकीमागून एक वाचल्या जातात. प्रत्येक ओळ १/५०० सेकंदच प्रकाश घेते, परंतु पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचायला त्याहून कितीतरी अधिक वेळ लागतो. त्या वेळात दिवा जितक्या वेळा मंद होतो तितके पट्टे उमटतात. तुमच्याकडे पाच पट्टे आहेत. वीज ५० हर्ट्झची धरली, तर पाच चढउतारांना १/२० सेकंद लागतो. तुमच्या कॅमेऱ्याला पूर्ण सेन्सर वाचायला साधारण तेवढाच वेळ लागत असणार. ओळी सेन्सरच्या लांब बाजूला समांतर असतात, म्हणूनच कॅमेरा उभा धरला की चित्रात पट्टेही उभे होतात.

परवासाठी पहिला उपाय म्हणजे शटर १/१०० किंवा १/५० ठेवणे (६० हर्ट्झ असल्यास १/१२० किंवा १/६०). त्यामुळे प्रत्येक ओळीला चढउताराचे पूर्ण आवर्तन मिळते आणि पट्टे नाहीसे होतात, तेही आवाज न करता. शिवाय १/५०० वरून १/१०० वर आल्याने पाचपट प्रकाश मिळतो, म्हणजे नवी लेन्स न घेताही आयएसओ १२५० च्या आसपास येतो.

पडदा
कवडसा यांनी कारण बरोबर सांगितले आहे, परंतु उपाय अर्धवट आहे. नृत्य १/१०० वर टिपले तर हातपाय धूसर होणारच. इलेक्ट्रॉनिक शटर बंद करावे, यांत्रिक शटर वापरावे आणि विषय संपवावा. मी कृत्रिम प्रकाशात इलेक्ट्रॉनिक शटर कधीही वापरत नाही.

मूकटिपण
पडदा, आयोजकांनी आवाज नको म्हणून सांगितले आहे, हे वाचायचे राहिले असावे. मी संगीताच्या बैठकींची छायाचित्रे काढतो. संथ आलापात शटरचा एक खटका झाला तरी समोरच्या रांगेतील माणसे मागे वळून पाहतात. अशा ठिकाणी इलेक्ट्रॉनिक शटर ही चैन नसून गरज असते.

पडदा
बैठकीतील गायक आणि रंगमंचावरील नर्तक यांच्या हालचालींत फरक आहे. नृत्यात वाद्यांचा आवाज चालूच असतो, त्यात शटर ऐकू येत नाही. आयोजकांशी बोलून परवानगी घेता येईल.

मूकटिपण
परवानगी मिळाली तरी यांत्रिक शटर हा पूर्ण उपाय नाही. १/५०० वर त्याचे पडदेही एका फटीतूनच सेन्सर उघडत जातात. त्यांना साधारण १/२५० सेकंद लागतो, म्हणून पाच पट्टे येत नाहीत. परंतु एखादे चित्र उजळ, पुढचे मंद, तर एखाद्यात वरून खाली छटा बदलत गेलेली, असे होऊ शकते. फ्लिकर, म्हणजे दिव्याच्या चढउताराचा परिणाम, कमी करण्याची सोय असलेले कॅमेरे दिव्याचा चढउतार मोजतात आणि प्रकाश सर्वाधिक असताना शटर उघडतात. कॅननने ही सोय २०१४ मधील सेव्हन डी मार्क टू या कॅमेऱ्यात दिली होती. आता ती अनेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत आहे, परंतु बऱ्याच ठिकाणी ती फक्त यांत्रिक शटरसोबतच चालते.

रात्रवेडा
हालचाल धूसर होईल म्हणून इतके घाबरण्याचे कारण नाही. तिपाईवर कॅमेरा ठेवून १/८ सेकंदाने नृत्य टिपावे. वस्त्रांच्या घेरांच्या सुंदर रेषा उमटतात. नर्तक क्षणभर थांबतो तेव्हा चेहरा स्पष्ट येतो आणि बाकी सर्व वाहते राहते. पट्ट्यांचा प्रश्न तर तिथे उरतच नाही.

निळीसांज
रात्रवेडा, मला स्पष्ट चेहरे हवे आहेत. चित्रे नर्तकांच्या कुटुंबीयांना द्यायची आहेत. नवा कॅमेरा घेतल्याशिवाय हा प्रश्न पूर्णपणे सुटत नाही, असे म्हणायचे आहे का? आणि कालच्या चित्रांचे काय करावे?

पन्नासमिमी
नवा कॅमेरा घ्यायचाच असेल, तर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या सोनी अल्फा नाइन थ्रीमध्ये ग्लोबल शटर आहे. त्यात सर्व ओळी एकाच क्षणी प्रकाश घेतात, त्यामुळे पट्टे येत नाहीत.

कवडसा
एका नृत्यासाठी नवा कॅमेरा घेण्याची मुळीच आवश्यकता नाही. ग्लोबल शटरमध्येही दिवा ज्या क्षणी मंद असेल त्या क्षणीचे पूर्ण चित्र मंद येऊ शकते.

कालच्या चित्रांसाठी पहिले काम निवडीचे आहे. पट्टे प्रत्येक चित्रात सरकले आहेत, म्हणजे लागोपाठच्या चित्रांत एखादे असे सापडेल की ज्यात चेहरा दोन पट्ट्यांच्या मधल्या उजळ भागात आहे. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) असेल तर संपादनात उरलेल्या पट्ट्यांवर रेषीय ग्रेडियंटचा मास्क (बदल तेवढ्याच भागापुरता, कडेला विरत जाईल असा ठेवणारी निवड) लावून तेवढाच भाग उजळवावा आणि त्याचा रंग थोडा निळ्याकडे न्यावा. पट्ट्यांमधील अंतर सारखे असल्यामुळे एकदा जमलेला मास्क पुढच्या पट्ट्यावर सरकवता येतो. रंगाची छटा अजिबात जात नसेल, तर ते चित्र कृष्णधवल करावे. उजेडातील फरक सुधारणे रंगातील फरकापेक्षा सोपे असते.

मूकटिपण
एक सावधगिरी सांगतो. रंगमंचावरील एलईडी मंद करताना काही यंत्रणा त्यांची उघडझाप शेकडो किंवा हजारो हर्ट्झने करतात. तिथे १/१०० वर सहसा अडचण येत नाही, पण वेग वाढवला की पट्टे बारीक आणि दाट होऊन परत येतात. काही कॅमेऱ्यांत शटरचा वेग अगदी सूक्ष्म टप्प्यांनी बदलता येतो. तो पर्याय या दिव्यांसाठीच असतो.

निळीसांज
घरातील एका एलईडी दिव्याखाली पांढऱ्या भिंतीचे चित्र घेऊन पाहिले. सायलेंट मोडमध्ये १/५०० वर अगदी तेच पाच पट्टे आले. १/१०० वर भिंत पूर्ण स्वच्छ आली. यांत्रिक शटरने १/५०० वर पट्टे नाहीत, परंतु मूकटिपण म्हणतात तसे प्रत्येक चित्राचा उजेड निराळा आहे. मेनूमध्ये फ्लिकर कमी करण्याचा पर्यायही सापडला. आयोजकांनी वाद्ये चालू असताना यांत्रिक शटर वापरायला होकार दिला आहे. मग परवा नक्की काय ठेवू?

कवडसा
वाद्ये चालू असताना यांत्रिक शटर, १/५०० आणि फ्लिकरचा पर्याय चालू. या पर्यायामुळे बटण दाबल्यावर किंचित उशीर होतो आणि लागोपाठ चित्रे घेण्याचा वेगही थोडा कमी होतो, म्हणून उडीच्या शिखराच्या जरासे आधी बटण दाबावे. निवेदनाच्या आणि शांत प्रसंगांच्या वेळी सायलेंट मोड आणि १/१००. तेव्हा हालचाल कमीच असते. दोन्ही मांडण्या कॅमेऱ्याच्या वेगवेगळ्या सानुकूल क्रमांकांवर साठवून ठेवाव्यात, म्हणजे अंधारात मेनू शोधावा लागणार नाही. रंगीत दिव्यांची तालीम चालू असेल तेव्हा पोहोचून प्रत्येक मांडणीचे एक चित्र घ्यावे आणि ते मागच्या पडद्यावर मोठे करून पाहावे.