मदत हवी आहे: आईची जखम भरत नाहीये, रजोनिवृत्तीचा संबंध असेल का?

नमस्कार मंडळी,
आई ६८ वर्षांची आहे. नडगीवर दाराची कड लागून कातडं सोललं, ते अजून नीट भरलेलं नाही. मधुमेह नाही, थायरॉइडही ठीक. डॉक्टर म्हणतात, "वयाचं आहे." पण नुसतं वयच का?

वाचलं ते असं: रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन घटलं की जखमेतली सूज लांबते, न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींमधलं इलास्टेज (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) नव्या ऊतींनाच खातं आणि कोलॅजन (त्वचेला बळकटी देणारं प्रथिन) कमी बनतं. मँचेस्टरच्या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवलं, की रजोनिवृत्तीनंतर हार्मोन घेणाऱ्या बायकांच्या जखमा न घेणाऱ्यांपेक्षा लवकर भरल्या. पुढे १९९९ मध्ये त्वचेवर इस्ट्रोजेन लावून वृद्ध पुरुषांमध्येही फरक दिसला! मला हे फार महत्त्वाचं वाटतं, आपल्याकडे याबद्दल कुणी बोलतच नाही.

इथे कुणी त्वचारोगतज्ज्ञ किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ आहे का? नडगीच्या जखमेसाठी असा उपचार प्रत्यक्षात देतात का? मावशीला स्तनाचा कर्करोग झाला होता, म्हणून हार्मोनची धास्ती वाटते. शिवाय पायातला रक्तपुरवठा आणि शिरा तपासायला डॉपलर आधी करून घ्यावं का? प्रथिनं, ड्रेसिंग याबद्दल अनुभव असेल तर तोही सांगा. मनाने काहीच लावणार नाही, डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं तेवढं कळू दे.