बिग बँडच्या गाण्यात बाई एवढ्या उशिरा काऊन गाते?

वडशाचा ऑर्गनवाला
नमस्कार मंडळी. मी झाडीपट्टीत नाटकाले ऑर्गन वाजवतो, सीझनमंधी रात्रभर तेच काम, दिवसा झोप नाही आली की मोबाईलवर जुनं काही ऐकत पडतो. सध्या अमेरिकेच्या 1938-39 च्या बिग बँडचा, म्हणजे नाचाच्या संगीताच्या मोठ्या वाद्यवृंदाचा, नाद लागला आहे. क्लॅरिनेटवाल्या आर्टी शॉच्या बँडमंधी हेलन फॉरेस्ट म्हणून गायिका आहे, काय सरळ आवाज हो, उगाच एक हरकत नाही. पण रेकॉर्ड तीन मिनिटाची, त्यातला बराच वेळ वाजवण्यातच जाते, मंग बाई येते, एकदा गाते आन् पुन्हा क्लॅरिनेट सुरू. एवढी चांगली गाणारी, तिले एवढंच काऊन देत होते?

जुनी तबकडी
कारण गाणं तिचं नव्हतंच भाऊ, बँडचं होतं. लोक नाचाले यायचे. लेबलावर मोठ्या अक्षरात बँडलीडर, गाणारीचं नाव खाली बारीक. बाकी वेळ ती स्टेजवर खुर्चीवर छान कपडे घालून बसून, पाळी आली की उठायचं, गायचं, पुन्हा बसायचं. अशा गायिकांले तिथं कॅनरी म्हणत, म्हणजे पिंजऱ्यातलं पाखरूच. आन् प्रवास बसनं, रोज नवीन गाव, ते तं तुम्हाले सांगाले नको.

तुमसरकर मास्तर
त्याच शॉच्या बँडमध्ये 1938 मध्ये बिली हॉलिडे पण होती. काळी गायिका गोऱ्या बँडबरोबर फिरणार म्हटल्यावर काय होणार. न्यूयॉर्कच्या हॉटेलात तिला सामानाच्या लिफ्टनं वर जायला सांगितलं, त्याच वर्षी तिनं बँड सोडला. हेलनला निदान हे सोसावं लागलं नाही.

तिचं पुढचं ऐका. नोव्हेंबर 1939 मध्ये शॉ बँड सोडून थेट मेक्सिकोला निघून गेला, मग ही बेनी गुडमनकडे, 1941 मध्ये हॅरी जेम्सकडे. तिथं खरा फरक पडला. जेम्स स्वतः ट्रम्पेटवाला, पण त्यानं अरेंजमेंट, म्हणजे कोणी कधी काय वाजवायचं त्याची मांडणी, तिच्या आवाजाभोवती बांधली, एकदा गाऊन खाली बसणं संपलं.

जुनी तबकडी
आन् मास्तर, संप राहिलाच की. 1 ऑगस्ट 1942 पासून वादकांच्या युनियननं रेकॉर्डिंग बंद केलं, रेडिओ आन् ज्यूकबॉक्सवर (नाणं टाकलं की गाणं वाजवणारी पेटी) तबकड्या वाजून वादकांचं पोट मारलं जाते म्हणून. हेलननं जेम्ससोबत 'आय हॅव हर्ड दॅट साँग बिफोर' रेकॉर्ड केलं ते 31 जुलैले, ऐन आदल्या दिवशी, आन् 1943 मंधी ते पहिल्या नंबरवर गेलं! गाणारे मात्र युनियनमंधी नव्हते, म्हणून कंपन्यांनी मागं वाद्यांऐवजी नुसते साथीचे गाणारे उभे करून त्यांच्याकडून रेकॉर्ड करून घेतल्या. वादक घरी, गाणारे हिट. हेलननंही 1943 मंधीच बँड सोडला, गायक डिक हेम्ससोबत रेडिओवर गेली, आन् डिसेंबर 1946 मंधी तं गुडमन, जेम्स, डॉर्सी असे मोठे मोठे बँडच एकामागून एक बंद झाले.

वडशाचा ऑर्गनवाला
अरे बाप्पा. म्हणजे वादकांनी लढाई केली आन् राज्य गाणाऱ्यांचं आलं. आमच्या गाणाऱ्या ताई नेहमी कटकट करतात, तुझा पीस लय लांबते म्हणून, त्यांले हा धागा कोणी पाठवू नका जी.

तुमसरकर मास्तर
पाठवला.