क्लिप टाकणारे आजोबा की स्क्रीनशॉट काढणारी नात? जास्त बेजबाबदार कोण?

चष्मेबहाद्दर: घरचंच सांगतो. बाबांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर एका नेत्याची दहा सेकंदांची क्लिप टाकली. वर लिहिलं, ‘ऐका यांचे विचार!’ माझ्या मुलीने पूर्ण भाषण शोधून काढलं. पुढचंच वाक्य होतं, ‘असं आमचे विरोधक म्हणतात.’ इथवर शाबासकी तिलाच. पण ग्रुपवर तिने चकार शब्द काढला नाही. आजोबांच्या मेसेजचा स्क्रीनशॉट हसऱ्या इमोजीसकट स्टोरीला लावला. माझ्या मते ती जास्त चुकली. बाबांनी निदान स्वतःच्या नावाने, सगळ्यांसमोर टाकलं होतं.

ओळख_नको: काहीही! स्टोरी २४ तासांत गायब, क्लिप मात्र अजून फिरत असणार. व्हॉट्सअ‍ॅपने २०२० मध्ये दोन बाणांचे, म्हणजे खूपदा फॉरवर्ड झालेले, मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवायचं बंधन घातलं, तर आमच्याकडची मोठी मंडळी एकेक करून पाठवतात. चिकाटी बघा! आणि ग्रुपवर बोलायचं कसं? मी दोनदा बोलून पाहिलंय. ‘तुझं वय काय, बोलतेस काय.’ मुद्दा राहतो बाजूला, माझे संस्कार निघतात.

आकडेमोड: २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीत फेसबुकवर कोणी काय शेअर केलं, यावरचा अभ्यास २०१९ मध्ये ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मध्ये आला. ६५ च्या वरच्यांनी सर्वांत तरुण गटाच्या जवळजवळ सातपट खोट्या बातम्या शेअर केल्या होत्या. शिक्षण, पक्ष काहीही असो. आता बोला.

निवृत्त_पण_जागा: बोलतो. त्याच अभ्यासात ६५ च्या वरच्या जेमतेम ११ टक्के लोकांनी अशी एक तरी बातमी टाकली होती. बाकीचे नव्वदेक टक्के म्हातारे कुठे गेले? तुम्हीही क्लिप अर्धीच कापलीत की! शिवाय तिथे मोजल्या लिंका. टोपणनावाने मारलेले टोमणे कोण मोजणार?

आकडेमोड: कापली खरी. सातपट तरीही सातपटच.

ओळख_नको: टोपणनाव म्हणजे पळपुटेपणा नव्हे हो. नोकरी देणारे आधी प्रोफाइल चाळतात. पेन्शन सुरू झाल्यावर खऱ्या नावाने राजकारण लिहिणं सोपं आहे.

निवृत्त_पण_जागा: हे पटलं. मग स्वतःचं नाव झाकणाऱ्यांनी दुसऱ्याचं उघडं का करावं? त्या स्क्रीनशॉटवर आजोबांचं नाव होतं का?

चष्मेबहाद्दर: नाव होतं, फोटोही होता.

काल बाबांना कळलं. रागावले नाहीत. ग्रुपवर लिहिलं, ‘सोमवारी मी टाकलेली क्लिप अर्धवट होती. पूर्ण भाषण खाली देत आहे. ज्यांनी ती पुढे पाठवली, त्यांनी हेही पाठवावे.’ तीन अंगठे आले. क्लिपला सव्वीस आले होते.

ओळख_नको: आणि मुलगी?

चष्मेबहाद्दर: म्हणते, स्टोरी तर गेली, आता माफी कुठे मागू?