१९४६ ची सुपरचार्जर-बंदी: टू-स्ट्रोकवर उपकार की अन्याय?

पुंगळीप्रेमी:
महायुद्ध संपलं आणि १९४६ मध्ये मोटारसायकल शर्यतींतून सुपरचार्जर, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबून भरणारा पंप, बाद झाला. ही बंदी टू-स्ट्रोकच्या (पिस्टन एकदा वर, एकदा खाली गेला की एक चक्र पुरं करणाऱ्या इंजिनाच्या) पथ्यावरच पडली, असं माझं ठाम मत आहे.

त्याआधी जर्मनीतल्या चोपाऊ गावात डीकेडब्ल्यू या मोटारसायकल कंपनीने एकाच ज्वलनकक्षाखाली दोन पिस्टन बसवले होते, आणि मिश्रण दाबून भरायला आणखी एक पिस्टन वेगळा. १९३८ मध्ये एवाल्ड क्लूगे या स्वाराने अशाच २५० सीसी गाडीवर आइल ऑफ मॅन बेटावरची लाइटवेट टीटी ही शर्यत ११ मिनिटांहून जास्त फरकाने मारली. पण पेट्रोल पाण्यासारखं जायचं आणि आवाजाने कानठळ्या बसायच्या.

बंदीनंतर त्याच गावात एमझेड या मोटारसायकल कंपनीचे इंजिनिअर वाल्टर काडेन कामाला लागले. पंप लावायचा नाही म्हटल्यावर त्यांनी एक्झॉस्टच्या नळीकडे लक्ष वळवलं. पोर्टमधून (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकातून) सुटलेली दाबाची लाट फुगीर पुंगळीच्या निमुळत्या टोकावर आपटून परत येते आणि पोर्ट मिटायच्या आत, बाहेर निसटलेलं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये लोटते. हलणारा एकही भाग नाही! १९६१ मध्ये १२५ सीसीतून २५ अश्वशक्ती निघाली, म्हणजे लिटरमागे २००. गरज पडली म्हणूनच हे सुचलं.

डिझेलशेड:
इतिहास बरोबर, निष्कर्ष चूक. माझं अर्धं आयुष्य लोको शेडमध्ये गेलंय. १९९९ मध्ये अमेरिकेहून आलेलं आणि पुढे वाराणसीत बनू लागलेलं डब्ल्यूडीजी-४ हे मालगाडीचं डिझेल इंजिन टू-स्ट्रोकच आहे: १६ सिलिंडर, ४००० अश्वशक्ती. खालच्या नॉचवर (इंजिनाच्या वेगाच्या पायरीवर) धुरात जोर नसतो, तेव्हा टर्बो, म्हणजे एरवी धुराच्या जोरावर फिरणारा हवेचा पंप, क्रँकशाफ्टवरून गिअरने फिरतो. वरच्या नॉचवर धूर पुरेसा झाला की क्लच सुटतो आणि टर्बो आपला आपण पळतो. दाबून हवा भरणं टू-स्ट्रोकला मानवत नसतं तर हजारो टनांची मालगाडी ओढली गेली नसती.

पुंगळीप्रेमी:
काका, तुमचं इंजिन नुसती हवा भरतं. त्यातली थोडी बाहेर गेली तर काय बिघडलं? शिवाय तुमच्या सिलिंडरला वर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आहेत, हवे तेव्हा मिटतात. साध्या पेट्रोल टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनच पोर्ट उघडतो आणि झाकतो. त्यामुळे एक्झॉस्ट सगळ्यात आधी उघडतं आणि सगळ्यात शेवटी मिटतं. अशा सिलिंडरमध्ये पंपाने कितीही दाबा, मिश्रण उघड्या दारातून निघून जाणार.

स्लीव्ह_व्हॉल्व्ह:
म्हणजे दोष दाराचा आहे, पंपाचा नाही. हॅरी रिकार्डो यांच्या कल्पनेवर रोल्स-रॉइसने घडवलेलं ‘क्रेसी’ विमान-इंजिन बघा. २६ लिटर, व्ही-१२, टू-स्ट्रोक, सुपरचार्जरसकट, आणि १९४१ मध्ये चाचणीला उभं राहिलेलं. पोर्टची वेळ सांभाळायला सरकती स्लीव्ह (पिस्टनभोवतीची नळी) आणि पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलेलं. जेट इंजिनं आली आणि ते १९४५ मध्ये गुंडाळलं गेलं.

आणि लिटरमागे २०० अश्वशक्तीचं सगळं श्रेय पुंगळीला देऊ नका. काडेन यांच्या इंजिनात मिश्रण आत घ्यायची वेळ ठरवणारा रोटरी डिस्क व्हॉल्व्ह (फिरती चकती) होता, मिश्रण सिलिंडरमध्ये नेणारा जादा ट्रान्स्फर पोर्ट होता.

आरएक्स_सातारा:
कॉलेजात असताना मी यामाहा आरएक्स १०० या टू-स्ट्रोक मोटारसायकलची मूळ पुंगळी काढून सरळ नळी बसवली होती. आवाज दुप्पट झाला आणि गाडी यवतेश्वरच्या चढाला मेली. मूळ पुंगळी परत लावली तशी गाडी जिवंत झाली. तेव्हापासून त्या पत्र्याबद्दल मला आदर आहे. पण एक खोट आहेच: लाट ठरावीक आरपीएमलाच (इंजिनाच्या मिनिटाला ठरावीक फेऱ्यांनाच) वेळेवर पोचते. त्याखाली इंजिन ढिलं पडतं, आणि शर्यतीच्या गाड्यांत तो पट्टा इतका अरुंद होतो की स्वाराचा अर्धा जीव गिअर सांभाळण्यात जातो. पंपाला आरपीएमची अशी अट नसते.

पुंगळीप्रेमी:
अरुंद पट्ट्याचा मुद्दा मान्य. पण आज रोटॅक्सच्या ८५० सीसी स्नोमोबाइल इंजिनात टर्बो आहे, तरी पुंगळी काढलेली नाही. टर्बो धुराच्या वाटेवर तिच्यानंतर बसवलाय, आणि विरळ हवेत, ८००० फुटांवरही १६५ अश्वशक्ती टिकते. पंपवाल्यांनाही शेवटी काडेन यांचा पत्रा लागलाच ना? काडेन यांच्या हातात सुपरचार्जर असता तर ते या लाटेच्या मागे इतके लागले असते, असं मला वाटत नाही.

डिझेलशेड:
त्याच रोटॅक्समध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, ते सांगायचं राहिलं तुमचं. मी अन्यायच म्हणेन. डीकेडब्ल्यूच्या जोड-पिस्टनांत एक पिस्टन एक्झॉस्ट आधी मिटवायचा, तेवढ्यात दुसऱ्याच्या पोर्टमधून भरणं चालू राहायचं. दार १९३८ मध्येच बंद होत होतं. कमी होता तो फक्त पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारा इंजेक्टर, आणि तो युद्धात जर्मन विमानांवर बसलेला होता.