न खणता थरांचा वाफा: पुठ्ठ्यातून लव्हाळा वर येणार नाही ना?

प्रश्न:
घराच्या मागील भिंतीला लागून चार फूट रुंद आणि दहा फूट लांब जागा मोकळी आहे. माती घट्ट असून हरळी व लव्हाळ्याने ती पूर्ण व्यापली आहे. खोदकाम टाळून जमिनीवर पुठ्ठे अंथरावेत आणि त्यांवर पालापाचोळा व ओला कचरा यांचे थर रचून तेथेच कुजू द्यावेत, असा विचार आहे. पालापाचोळा मुबलक आहे, लाकडाचा भुसाही मिळतो. ओला कचरा मात्र स्वयंपाकघरात रोज निघतो तेवढाच. पुठ्ठ्याने तण खरोखर दबते का, आणि रोपे लगेच लावता येतील का?

प्रतिसाद १:
साधे गवत दबते. हरळी आणि लव्हाळा यांचे तसे नाही. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत दीर्घकाळ तग धरतात आणि त्याचे टोकदार कोंब प्लास्टिकच्या आच्छादनातूनही वर येतात, तेथे पुठ्ठ्याची काय कथा! त्यामुळे या एका तणापुरते तरी आधी खणून शक्य तितक्या गाठी वेचून काढाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. हरळी बहुधा कडेने आत शिरते, म्हणून वाफ्याभोवती वीतभर खोल चर काढून तो वेळोवेळी साफ करावा. पुठ्ठ्यांवरील चिकटपट्ट्या व पिना काढाव्यात, गुळगुळीत छपाईचे पुठ्ठे वगळावेत, आणि दोन पुठ्ठे एकमेकांवर किमान 15 सेंटीमीटर चढतील असे अंथरावेत. पुठ्ठा इतका भिजवावा की उचलताच तो स्वतःच्या वजनाने लोंबेल. कोरडा राहिला तर वरचे पाणी खाली मुरत नाही.

प्रतिसाद २:
येथे खरी अडचण नत्राची (नायट्रोजनची) आहे. कुजण्याची क्रिया चांगली चालण्यासाठी मिश्रणाचे कर्ब-नत्र गुणोत्तर (नत्राच्या एका भागामागे कर्बाचे, म्हणजे कार्बनचे, किती भाग) 25 ते 30 च्या आसपास असावे लागते. वाळलेल्या पानांचे ते याहून बरेच जास्त असते, तर लाकडाच्या भुशाचे कित्येकदा 300 च्याही वर जाते. असा भुसा थरांत मिसळला, तर तो कुजवणारे सूक्ष्मजीव आसपासचे नत्र स्वतःसाठी ओढून घेतात आणि रोपे पिवळी पडतात. भुसा वापरायचाच असेल, तर सर्वांत वर पातळ आच्छादन म्हणून वापरावा. ओला कचरा कमी असल्याने संपूर्ण वाफा एकदम न रचता एका टोकापासून भरत जावे, आणि प्रत्येक वेळी ओल्या थरावर त्याच्या दुप्पट जाडीचा पालापाचोळा पसरावा, म्हणजे माश्या व उंदीर यांचा त्रासही कमी होतो. ताजे कापलेले गवत मिळाले तर उत्तमच, पण ते जाड थराने टाकल्यास चिकटून त्याचा थापा होतो, आत हवा खेळत नाही आणि दुर्गंधी सुटते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. गाठी वेचण्याचे काम आधी करतो. नत्रासाठी ताजे शेण घातले तर चालेल का? रोपांविषयी अद्याप कोणी लिहिलेले नाही.

प्रतिसाद ३:
शेण चालेल, परंतु त्यातील रोगजंतूंचा विचार करावा लागेल. थरांचा ढीग उथळ असल्याने तो फारसा तापत नाही. म्हणून जंतू आणि तणांचे बी त्यात जिवंत राहू शकते. पालेभाज्यांसारखी मातीला टेकणारी पिके घ्यायची असतील, तर ताजे शेण घातल्यापासून काढणीपर्यंत किमान 120 दिवसांचे अंतर ठेवावे. लगेच लागवड हवी असल्यास ताजे शेण टाळून थरांत ओंजळभर मोठे खळगे करावेत, त्यांत पूर्ण कुजलेले खत व माती भरावी आणि वांगी, टोमॅटो किंवा भोपळा यांची रोपे लावावीत. गाजर-मुळा मात्र थर पूर्ण कुजल्यावरच. अर्धा मीटर उंच रचलेला वाफा काही महिन्यांत निम्म्यापर्यंत खाली बसतो, तेव्हा वरून भर घालत राहावे.

आणखी एक गोष्ट: आपला वाफा भिंतीला लागून आहे. ओलसर पुठ्ठ्याकडे वाळवी आकर्षित होते आणि सततची ओल भिंतीतही झिरपते. म्हणून भिंतीपासून किमान दोन फूट जागा मोकळी सोडावी, मग वाफ्याची रुंदी कमी झाली तरी हरकत नाही.